जिल्हा ‘क’: युद्धानंतरची आरोग्यव्यवस्था कागदावर उभी करताना (प्रकल्प नोंदी)

सोमवार, १६ जून २०२५

कामाला आज रीतसर सुरुवात. काय करायचं आहे ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटले तर परत जागेवर येता येईल.

सप्टेंबरमध्ये पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा आहे. विषय: युद्धाने मोडलेल्या भागात आरोग्यव्यवस्था पुन्हा कशी उभी करतात. येणारे लोक म्हणजे नर्स, तालुका पातळीवरचे डॉक्टर, संस्थांचे व्यवस्थापक. त्यातले काही पुढेमागे परदेशात मदतकार्याला जातील. व्याख्यानं थोडी, भर एका कागदी सरावावर. एक काल्पनिक जिल्हा घ्यायचा, नाव फक्त ‘क’. लोकसंख्या दोन लाख, एक जिल्हा रुग्णालय, अकरा आरोग्य केंद्रं, युद्ध थांबून दीड महिना झालेला. प्रत्येक गटाच्या हातात लाकडी ठोकळे द्यायचे, ठोकळे म्हणजे पैसे. ते कुठे लावायचे हे गटाने भांडून ठरवायचं. जिल्हा काल्पनिक, पण त्याच्यावर येणारी प्रत्येक अडचण कुठल्या तरी खऱ्या देशात घडलेली असली पाहिजे, ही डॉक्टरांची अट.

माणसं चारच. जनआरोग्य शिकवणारे डॉक्टर, सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर, पुण्यात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करणारा, अफगाणिस्तानातल्या हेरातचा एक विद्यार्थी, आणि मी. माझी उभी हयात रुग्णालयाच्या हिशेब खात्यात गेली. “तुम्ही शेवटी सगळ्याचं पगारपत्रक करून टाकाल,” असं डॉक्टर पहिल्याच बैठकीत म्हणाले. बघू.

शनिवार, २१ जून

पालख्या मुक्कामी, पेठांतले रस्ते बंद, बैठक रद्द. भवानी पेठेपर्यंत पायीच गेलो. पालखी विठोबा मंदिराजवळ एका आरोग्य पथकाचा तंबू होता. दोन टेबलं, तीन खाटा, ओआरएसची पाकिटं, पायाच्या फोडांना मलमपट्टी. एक सिस्टर एका आजीबाईंचं बीपी घेत होती आणि दुसऱ्या हाताने पुढच्या माणसाला बस म्हणून खुणावत होती. इमारत नाही, दार नाही, तरी रुग्णालय चालू. चालू कशामुळे, तर मागे ससून आहे, १०८ची गाडी आहे, औषधांचं भांडार आहे आणि त्या सिस्टरचा पगार कुणीतरी काढतं आहे. युद्धात नेमकी ही मागची बाजू तुटते. फोटो मात्र पडलेल्या भिंतींचे येतात.

सोमवार, ३० जून

मोझांबिकवरचं वाचन. तिथलं यादवी युद्ध १९७७ ते १९९२. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये करार झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारने गावोगाव काढलेली आरोग्य केंद्रं हे बंडखोरांचं ठरवून साधलेलं लक्ष्य होतं. दवाखाना पडला की सरकार पडल्यासारखं वाटतं, असा हिशेब. करारानंतर बाहेरून पैसा आला, संस्था आल्या, भिंती परत उभ्या राहिल्या. पण संस्थांना स्थानिक माणसं हवी होती आणि त्या सरकारी पगाराच्या कितीतरी पट देत होत्या. चांगला डॉक्टर, चांगली नर्स, चांगला कारकून तिकडे गेला. संस्थेची गाडी दारात उभी आणि आतल्या ओपीडीत बसायला कुणी नाही.

यावरून सरावासाठी पहिला अडचण-पत्ता, म्हणजे अडचण लिहिलेलं कार्ड, तयार केला: “एका मदतसंस्थेने तुमच्या चार अनुभवी नर्सना तिप्पट पगारावर नेलं. काय कराल?” डॉक्टरांना पत्ता आवडला. सिस्टर म्हणाल्या, “यात युद्ध कुठे आहे? हे तर आपल्याकडे रोज होतं.”

बुधवार, ९ जुलै

आज पाहणीचा तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेची ‘हेरॅम्स’ नावाची पद्धत आहे. मोडलेल्या भागातल्या प्रत्येक केंद्राची स्थिती त्यात वेगवेगळ्या रकान्यांत घेतात: इमारत, उपकरणं, पाणी, वीज, पोहोचायचा रस्ता, आणि मग एकेक सेवा. सेवा मिळत नसेल तर का मिळत नाही, हेही विचारतात: माणसं नाहीत, प्रशिक्षण नाही, औषधं नाहीत, उपकरणं नाहीत की पैसे नाहीत. आम्ही त्याचीच छोटी आवृत्ती एका ए-थ्री कागदावर बसवली.

हे रकाने वेगळे ठेवण्यावर माझा फार जोर होता, कारण ‘केंद्र चालू आहे का’ या एका प्रश्नाला हो म्हणणं फार सोपं असतं. इथिओपियातल्या टिग्रे प्रांताचं उदाहरण घेतलं. युद्ध नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या काही महिन्यांत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पथकांनी १०६ आरोग्य केंद्रं पाहिली. जवळपास ७० टक्के लुटलेली, ३० टक्क्यांहून जास्त नुकसान झालेली, आणि नेहमीसारखी चालणारी फक्त १३ टक्के. पाचातल्या एका केंद्रात सैनिकांनी मुक्काम केला होता. हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की दिसतं: भिंती पडलेल्यांपेक्षा आतून रिकामी झालेली केंद्रं कितीतरी जास्त. छप्पर शाबूत, आत काही नाही. अशा केंद्राला सिमेंट देऊन काय होणार?

विद्यार्थ्याने एक रकाना वाढवायला लावला: “स्त्री रुग्णाला तपासायला स्त्री आहे का?” त्याच्या भागात हा रकाना रिकामा असला की बाकीचे सगळे भरून उपयोग नसतो, असं तो म्हणाला.

मंगळवार, २२ जुलै

सिस्टरांचा दिवस. केंद्र रिकामं आहे तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय हवं, हे त्यांनी टेबलावर मांडून दाखवलं. घरूनच जुना डिलिव्हरी ट्रे आणला होता, हिरव्या कापडात बांधलेला. दोन आर्टरी फोर्सेप्स, नाळ कापायची कात्री, कॉर्ड क्लॅम्प, किडनी ट्रे, गॉझ, मुलाचं तोंड साफ करायचा म्यूकस सकर, ग्लोव्हज. “एवढ्यात बाळंतपण होतं,” त्या म्हणाल्या. “पण दुसरं बाळंतपण होत नाही. दुसऱ्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायला. ऑटोक्लेव्हला पाणी आणि आच लागते. आणि धुवायला एक मावशी लागते. त्या मावशीला तुमच्या तक्त्यात जागाच नाही.”

खरंच नव्हती. डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, सगळे होते. सफाई आणि धुलाईच्या माणसांसाठी ओळ घातली.

मग गाडी ऑक्सिटोसिनवर आली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली, जेनसेटचं डिझेल संपलं की कुपी दिसायला तशीच राहते आणि गुण मात्र गेलेला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही म्हणून अशा ठिकाणी त्या ठेवतात. ‘फ्रिज बंद’ हा पत्ता यातून निघाला.

लसींची गोष्ट निघाली आणि पुणेकर म्हणून आमची छाती जरा फुगली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठी, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या या रोगाच्या साथी जिथे वारंवार येतात त्या देशांसाठी, ‘मेनआफ्रिव्हॅक’ लस बनवली. डिसेंबर २०१० पासून ती मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली, सुरुवात बुर्किना फासोपासून. २०१२ मध्ये तिला एक सवलत मिळाली: मोहिमेच्या वेळी फ्रिजबाहेर, ४० अंशांपर्यंतच्या तापमानात, चार दिवसांपर्यंत ठेवली तरी चालते. शेवटच्या टप्प्यात बर्फ नको, म्हणजे बर्फ गोठवायचा डीप फ्रीजर नको, म्हणजे त्याला लागणारी वीज नको. वीजच उखडून नेलेल्या भागात एवढ्या एका परवानगीने किती ओझं उतरतं! सीरमचीच मलेरियाची आर-२१ लस मे २०२४ मध्ये विमानाने मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बांगीला पोहोचली, ४३ हजार डोस. तो देश वर्षानुवर्षं यादवीत होरपळतो आहे. बांगीहून पुढे खेड्यापर्यंत कोल्ड बॉक्स न्यायला मात्र परत माणूसच लागतो, हे सिस्टरांनी आमची छाती फार फुगू नये म्हणून लगेच सांगितलं.

सोमवार, ४ ऑगस्ट

पुनर्वसनाची ओळ. गटांना खर्च कापायला सांगितलं की हीच ओळ आधी कापली जाणार, म्हणून तिच्यासाठी वेगळा कागद. वानवडीजवळचं कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये सुरू झालं. युद्ध १९४५ मध्ये संपलं, केंद्र आजही चालू आहे. कारण बसवलेला पाय झिजतो, बदलावा लागतो. लहान मूल असेल तर ते वाढतं आणि पाय अपुरा पडतो. सुरुंगाने पाय गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा खर्च तो आजोबा होईपर्यंत चालतो.

काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा ऑर्थोपेडिक कार्यक्रम १९८८ पासून आहे. तो चालवणाऱ्या अल्बेर्तो कैरो यांनी तिथे एक धोरण ठेवलं: कामावर घ्यायचं ते स्वतः अपंग असलेल्यांनाच, बहुतेक जुन्या रुग्णांनाच. राजवटी येत गेल्या, जात गेल्या, केंद्र चालत राहिलं. पगार थांबला नाही आणि काम करणाऱ्याला ते काम स्वतःच्या अंगावर माहीत होतं. कारणं आणखीही असतील, पण मला ही दोन पुरेशी वाटतात.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज पगारपत्रक. डॉक्टरांचं भाकीत खरं ठरलं म्हणा.

अफगाणिस्तान हाच इथला मोठा धडा आणि तो दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. २००२च्या पाहणीत तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता मरत होत्या. बदख्शानमधल्या राघ जिल्ह्यात हा आकडा ६,५०० निघाला. नव्या सरकारने २००३ मध्ये एक मूलभूत सेवासंच ठरवला: लहान केंद्रात काय मिळेल, मोठ्या केंद्रात काय, कुठे किती माणसं. तो राबवायचं काम बहुतांश संस्थांना कंत्राटाने दिलं, पैसा जागतिक बँक, अमेरिका आणि युरोपीय संघाचा. गावातल्या मुली निवडून त्यांना सुईणीचं शिक्षण द्यायचं आणि त्याच गावात परत पाठवायचं, असाही कार्यक्रम चालवला. सुरुवातीला साऱ्या देशात पाचशेहून कमी असलेल्या सुईणी काही हजारांवर गेल्या.

मोजमाप करणाऱ्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर जयपूरची आरोग्य व्यवस्थापन संस्था होती. त्यांच्या गुणपत्रिकेत रुग्णांचं समाधान, औषधांचा साठा वगैरे तर होतंच. पण कर्मचाऱ्यांच्या सदरात एक निर्देशक साधासा होता: पगार वेळेवर चालू आहेत का. ते वाचून मला त्या अनोळखी मंडळींबद्दल एकदम आपुलकी वाटली. हिशेबनिसाला विचारूनच केलं असणार.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२१ मध्ये राजवट बदलली आणि देणगीदारांनी पैसा थांबवला. भिंती पडल्या नाहीत, बॉम्ब पडले नाहीत, माणसं तीच होती. सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की या सेवासंचाच्या प्रकल्पातली फक्त १७ टक्के केंद्रं पूर्णपणे चालू आहेत. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २३ हजारांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार थेट चुकते केले, तेव्हा चाक परत फिरू लागलं. विद्यार्थ्याची थोरली बहीण सुईण आहे. त्या तीन महिन्यांत ती उधारीच्या रिक्षाने कामावर जात होती, असं त्याने सांगितलं. रिक्षावाला म्हणायचा, तुमचा पगार झाला की माझा होईल.

येमेनमध्ये सरकारी नोकरांचे पगार ऑगस्ट २०१६ पासून थकले. त्यानंतर मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलवली गेली आणि देशाच्या मोठ्या भागात आरोग्य कर्मचाऱ्यांचे नियमित पगार बंदच राहिले. पुढच्याच वर्षी तिथे कॉलऱ्याची प्रचंड साथ आली. एकाच कारणाने आली असं कुणी म्हणणार नाही. पाण्याच्या यंत्रणाही मोडल्या होत्या. पण त्या यंत्रणांवरही पगारी माणसंच असतात.

उलटं उदाहरण सिएरा लिओनचं. २००२ मध्ये युद्ध संपलं. २७ एप्रिल २०१० पासून गरोदर, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालची मुलं यांना सेवा मोफत झाली. त्याच्या महिनाभर आधी कर्मचाऱ्यांनी संप केला होता: गर्दी वाढणार, आमचं काय? सरकारने पगार वाढवले आणि त्याआधी मस्टर साफ केलं, नुसती कागदावर असलेली नावं काढली. क्रम बरोबर होता. मोफत सेवेची घोषणा आणि रिकाम्या हातांची नर्स एकत्र नांदत नाहीत. ती कुठूनतरी पैसे घेणारच, आणि तिला दोष देता येणार नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

रंगीत तालीम. सदाशिव पेठेतला छोटा हॉल, तीन गट, बाहेर धो धो पाऊस.

ठोकळ्यांचा नियम असा: इमारत, गाडी, यंत्र यांचे ठोकळे एकदाच ठेवायचे, पगार, डिझेल, औषधं यांचे प्रत्येक महिन्याला. बाहेरून येणारा पैसा बाराव्या महिन्याला निम्मा होतो, पण हे आधी सांगायचं नाही. विचारलं तरच सांगायचं.

पहिल्या गटाने दहा मिनिटांत एक्स-रे मशीन, दोन रुग्णवाहिका आणि ऑपरेशन थिएटर घेतलं. दुसऱ्याने रुग्णालयाला कुंपण घातलं. का, तर लूट होऊ नये म्हणून. मुद्दा बिनतोड, पण सातव्या महिन्यात कुंपणाच्या आत कुणी उरलं नाही.

तिसऱ्या गटात एका ग्रामीण केंद्रावर कंत्राटी काम करणारी नर्स होती. तिने ठोकळ्यांना हात लावायच्या आधी विचारलं, “सर, हा पैसा किती महिन्यांचा?” अख्ख्या हॉलमध्ये हा प्रश्न तिने एकटीने विचारला. नंतर चहाच्या वेळी मी कारण विचारलं. “आमची ऑर्डर अकरा महिन्यांची असते,” ती म्हणाली. “मग एक दिवस ब्रेक, मग परत अकरा. बाराव्या महिन्याचा विचार आम्ही झोपेतही करतो.”

तिच्या गटाने एक्स-रे सोडला. डॉक्टरांनी तिला बरंच घेरलं: युद्धानंतर फ्रॅक्चर असतात, जुने छर्रे असतात, क्षयरोग वाढलेला असतो, एक्स-रेशिवाय कसं चालेल? ती म्हणाली, शेजारच्या जिल्ह्यात पाठवू. गाडी आहे, ड्रायव्हर पगारी आहे. क्षयरोगासाठी थुंकी तपासू. तंत्रज्ञ पगारी आहे. डॉक्टरांना ते पटलं नाही आणि मलाही पूर्ण पटलं नाही. एखाद्याच्या मांडीचं हाड चुकीचं जुळलं तर त्याचा हिशेब कुठल्या ठोकळ्यात धरायचा? पण चोविसाव्या महिन्यात अकरापैकी आठ केंद्रं उघडी होती ती तिच्याच नकाशावर.

एक पत्ता सगळ्यांनाच जड गेला: “समोरच्या बाजूच्या ताब्यातल्या भागात सहा वर्षं बाळंतपणं केलेली बाई नोकरी मागते आहे. प्रमाणपत्र त्या बाजूचं आहे.” नियम बघणारे नाही म्हणाले. सिस्टर गप्प बसून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, “तिला लेबर रूममध्ये माझ्यासमोर एक रात्र उभी करा. सकाळी सांगते.” पत्त्यामागे आता हेच लिहायचं: आधी परीक्षा, मग कागद.

शनिवार, ३० ऑगस्ट

उत्सवाचे दिवस, ढोलांत फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. कामाचं एकच: उद्घाटनाची स्लाइड. डॉक्टरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस हवेत. सोलापूरचा मुलगा, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या, शिकवलं, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेला, वय अवघं ३२. मराठी श्रोत्यांसमोर याहून चांगली सुरुवात कुठली?

सिस्टरांचा विरोध. “आदर आहेच. पण त्यांच्याकडे बघून सगळ्यांना वाटतं, जीव द्यायला तयार असलेली माणसं हवीत. मला रजेवर जाऊन परत येणारी माणसं हवीत.” तोडगा असा निघाला की कोटणीस राहतील, पण त्यांनी आघाडीवर शिकवून तयार केलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

विद्यार्थी आठवडाभर बैठकांना आला नाही. ३१ ऑगस्टच्या रात्री पूर्व अफगाणिस्तानातल्या कुनारमध्ये भूकंप झाला, मृतांचा आकडा २,२०० च्या वर गेला आहे. त्याचं घर पार दुसऱ्या टोकाला, हेरातला. पण हेरातने ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच पाहिलं आहे. आज आला. जखमी बायकांना हात लावायला बायका कमी पडताहेत, एवढंच बोलला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या मुलींचं नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही बंद केलं गेलं. आज काम करणाऱ्या सुईणी निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागी कोण, याचं उत्तर कुठल्याच ठोकळ्यात नाही. जुलैत त्याने वाढवलेला रकाना तक्त्यात सर्वांत वर नेला.

रविवार, २१ सप्टेंबर

कार्यशाळा पार पडली. सविस्तर अहवाल डॉक्टर लिहितील, माझ्यापुरतं इथे.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सत्रात मे २०१६चा सुरक्षा परिषदेचा ठराव २२८६ आला: रुग्णालयांवर, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले करू नका. एका तरुण डॉक्टरने विचारलं, त्यानंतर हल्ले थांबले का? सुदान, गाझा, युक्रेन अशी नावं मागच्या रांगेतूनच आली. उत्तर देणाऱ्यांनी सारवासारव केली नाही, हे बरं झालं. निदान नोंद ठेवली जाते, एवढंच ते म्हणाले.

सरावात पाचपैकी दोन गटांनी महिने विचारले. ज्यांनी विचारले नाहीत त्यातला एक व्यवस्थापक बाराव्या महिन्याला चिडला: “हे आधी सांगायला हवं होतं.” सिस्टरांनी त्यांच्या खास मेट्रनच्या आवाजात विचारलं, “देणगीदार तुम्हाला सांगून थांबतात का?”

गुरुवार, २५ सप्टेंबर

पुढच्या खेपेसाठी बदल. चोवीस महिने कमी पडतात, तक्ता छत्तीसपर्यंत वाढवतो आहे. तिसऱ्या वर्षी सरकारने किती पगार स्वतःच्या तिजोरीतून उचलले, हे मोजता आलं पाहिजे. एक्स-रेचा वाद मिटवायचा नाही, त्याला वेगळा पत्ता करून दोन्ही बाजू छापायच्या. मावशींची ओळ ठळक. पत्ते पावसाळी हवेत वाकले, म्हणून लॅमिनेशन. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात दर विचारला, जास्त वाटला, उद्या दुसरीकडे विचारतो. त्या कंत्राटी नर्सने पुढच्या कार्यशाळेत गट चालवायला यायचं कबूल केलं आहे. तिच्या मानधनाचं व्हाउचर आजच करून ठेवलं.